पाठमोरे आठ, समोर पाहणारा एक

अमेरिकेत राहणाऱ्या आणि घरात कॉलेजच्या उंबरठ्यावरचं मूल असणाऱ्या कुणालाही डॅनिएल जेम्स ब्राउन यांचं ‘द बॉइज इन द बोट’ हे पुस्तक चुकवणं अवघड आहे. शाळेच्या वाचनाच्या यादीत ते असतं. कोच मंडळी हंगामाच्या सुरुवातीला ते मुलांच्या हातात देतात. ऑफिसात ‘टीम बिल्डिंग’चा दिवस निघाला की एखाद्या स्लाइडवर ती लांबुडकी होडी दिसते. पुस्तक २०१३ साली आलं, डिसेंबर २०२३मध्ये जॉर्ज क्लूनीचा त्यावरचा सिनेमाही येऊन गेला. तुम्ही दोन्हींपैकी एक तरी पाहिलं-वाचलं असेल असं धरून चालते. पुस्तक प्रत्यक्षात जे सांगतं आणि लोक त्यातून जे उचलतात, त्यात बरंच अंतर आहे. सिनेमाने ते आणखी वाढवलं. हे सगळं त्या अंतराविषयी.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. सिअॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा आठ वल्हेकऱ्यांचा आणि एका कॉक्सवेनचा संघ १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकला गेला आणि हिटलरच्या डोळ्यांदेखत सुवर्णपदक जिंकून आला. महामंदीचा काळ होता. रोइंग हा तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या श्रीमंत कॉलेजांचा खेळ, आणि ही मुलं लाकूडतोडे, मच्छीमार, शेतकरी अशा घरांतली. अंतिम शर्यत २००० मीटरची. अमेरिकेची वेळ ६ मिनिटं २५.४ सेकंद, इटलीची ६:२६.०, जर्मनीची ६:२६.४. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकात बरोबर एका सेकंदाचं अंतर. निकाल ठाऊक असूनही त्या प्रकरणाला आपण श्वास रोखून बसतो, हे ब्राउन यांचं कसब मान्यच करायला हवं.

पण एवढ्यावर पुस्तकाची लाखो प्रतींची विक्री होत नाही. लोकांना त्यातून ‘विश्वास’ हवा असतो. नऊ अनोळखी मुलं एकजीव कशी झाली, याचं गुपित. तिथेच वाचन घसरतं असं मला वाटतं. ते गुपित पुस्तकात आहे, पण ते स्लाइडवर मावण्यासारखं नाही, आणि आपल्याला फारसं आवडण्यासारखंही नाही.

पुस्तकाच्या मध्यभागी जो रँट्झ आहे. चार वर्षांचा व्हायच्या आतच आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. १९२९ साली, जो पंधरा वर्षांचा असताना, वडील, सावत्र आई आणि धाकटी भावंडं गाडीत बसून निघून गेली आणि त्याला स्क्विम नावाच्या गावात अर्धवट बांधलेल्या घरात एकट्याला मागे ठेवून गेली. मग मासे पकडून विकणं, झाडं तोडणं, मिळेल ते काम करून शाळा. १९३३च्या शरदात तो विद्यापीठात आला तेव्हा वायएमसीएमध्ये झाडलोट करून खर्च भागवत होता. रोइंगच्या संघात जागा मिळाली तर कॅम्पसवर अर्धवेळ नोकरी मिळे, म्हणून तो तिथे गेला. खेळाची हौस वगैरे नंतर. त्याच दिवशी आणखी पावणेदोनशे मुलं आली होती, महिन्याभरात त्यातली निम्म्याहून अधिक गळाली. जो टिकला. त्याच्या एकुलत्या एक विटलेल्या स्वेटरवरून बाकीचे त्याची टर उडवायचे, तरी टिकला.

त्या घरापाशी एकटा उभा राहिला तेव्हा त्याने मनाशी ठरवलं होतं की यापुढे कुणावरही अवलंबून राहायचं नाही. आता हे वाक्य तुम्ही-आम्ही कुठल्या सुरात वाचतो? कौतुकाच्याच ना? ‘स्वतःच्या पायावर उभा राहिला’ यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र आपल्या घरांत नाही. दोन बॅगा घेऊन परदेशात उतरलेल्या माणसांची ही आवडती कहाणी आहे. आपण ती एकमेकांना सांगतो, मुलांना जरा जास्तच सांगतो. ब्राउन यांच्या पुस्तकाचा खरा कणा मात्र असा की जो ज्या गुणामुळे जगला, त्याच गुणामुळे तो होडीत कमी पडत होता. अंगात ताकद भरपूर. पण एक दिवस वल्हं सुरेख पडायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळं बिघडायचं. मुख्य कोच अल उल्ब्रिक्सनला हे कोडं सुटेना.

हे समजायला होडी कशी चालते ते डोळ्यांपुढे आणावं लागतं. साठ फुटांहून लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद अशी ती नाजूक वस्तू. आठही जणांची पाठ दिशेकडे. आपण कुठे चाललोय ते दिसतं फक्त कॉक्सला, आणि त्याच्या हातात वल्हं नसतं. बसायची जागा रुळावर मागे-पुढे सरकते, पावलं पट्ट्यांनी बांधलेली असतात. (स्वतःच्या पायावर उभं राहायची सोयच नाही.) आठ वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरली आणि एकाच क्षणी बाहेर आली, तरच होडी सरळ पळते. एकाने जिवाच्या आकांताने जास्त ओढलं तर वेग वाढत नाही, तोल जातो. म्हणजे दुसऱ्याची कमतरता एकट्याने भरून काढायची सोय या खेळात नाही. क्रिकेटमध्ये एक फलंदाज सामना काढून देतो, बास्केटबॉलमध्ये एखादी पोरगी चाळीस गुण करते. इथे तसा पराक्रम म्हणजे चूक ठरते.

मग जो बदलला कसा? सिनेमाचं उत्तर सोपं आहे. होड्या बांधणारा जॉर्ज पोकॉक हा शहाणा म्हातारा दोनदा त्याच्याशी बोलतो, जो थोडं लाकूड घासतो, आणि त्याला कळतं. बाहेर येतो तो निराळाच मुलगा. पुस्तकातही पोकॉक आहे आणि तो पुस्तकातला सर्वात देखणा माणूस आहे. इंग्लंडहून आलेला हा कारागीर. वडील ईटनच्या शाळेसाठी होड्या बांधत. सिअॅटलमध्ये त्याची कार्यशाळा संघाच्या बोटहाउसच्या माळ्यावर होती. तिथे तो जोला बोलावतो, सीडरच्या लाकडाविषयी बोलतो, आणि बोलता बोलता सांगतो की होडीतला एखादा जण आवडत नसेल तर तो आवडायला शिकावं लागेल. तू जिंकतोस का हे जेवढं महत्त्वाचं, तेवढंच तो जिंकतो का हेही तुला वाटलं पाहिजे. उद्धृत करायला हा प्रसंग फार सोयीचा आहे, म्हणून सगळे तोच उद्धृत करतात.

पण पानं उलटून पाहा. हे बोलणं १९३६च्या वसंतातलं. त्याच्या आधीचा उन्हाळा जोने कुठे काढला? ग्रँड कूली धरणाच्या कामावर. तासाला ७५ सेंट मिळतात म्हणून दोराला लटकून, हातात जॅकहॅमर धरून कडा फोडण्याचं काम त्याने पत्करलं. तिथे त्याला विद्यापीठातली आणखी दोन वल्हेकरी मुलं भेटली, जॉनी व्हाइट आणि चक डे. कॅम्पसवर जेमतेम तोंडओळख असलेली ही पोरं दिवसभर धूळ खायची, शनिवारी संध्याकाळी गावात भटकायची. वर्षभराने हे तिघं बर्लिनच्या होडीत होते. त्या शनिवारांबद्दल ब्राउन यांनी थोडीच पानं दिली आहेत, पण माझ्या मते संघभावनेची खरी गोष्ट त्या पानांत आहे. तिथे कुणी कोच नव्हता, घोषवाक्य नव्हतं, ‘बाँडिंग’साठी आखलेला कार्यक्रम नव्हता. जो तिथे पहिल्यांदा कुणाच्या तरी सोबत होता आणि त्यात काही गमावलं जात नव्हतं. पोकॉकचे शब्द नंतर पडले, पण पडायला जमीन तयार होती. सिनेमाने हा उन्हाळा गाळला. गाळणं भागच होतं, कारण सिनेमात ही मुलं पहिल्यांदा वल्हं हातात घेतात त्याच हंगामात बर्लिनला पोचतात. तीन वर्षांचं एक वर्ष केलं की मैत्रीला मुरायला वेळ उरत नाही. मग भाषणावर भागवावं लागतं. क्लूनीच्या सिनेमात शर्यती उत्तम आहेत, पाण्यावरचा सकाळचा उजेड सुंदर आहे, आणि नऊ मुलांपैकी पाच-सहांची नावं तुम्हाला थिएटरबाहेर पडताना आठवत नाहीत.

सिनेमाने आणखी एक गोष्ट झाकली, आणि याबाबतीत पुस्तकही अर्धं झाकतंच. ती म्हणजे कोचच्या चुका. उल्ब्रिक्सन अबोल माणूस. बातमीदार त्याला ‘डोअर डेन’, म्हणजे घुमा डेन, म्हणत. १९३५च्या हंगामात त्याने दुसऱ्या वर्षाच्या मुलांची सबंध होडीच मुख्य संघ होईल असं सूचित केलं. जो त्यातच होता. वरच्या वर्गातली मुलं भडकली. ही मुलं हवेत गेली, मग ढेपाळली. पुन्हा वर, पुन्हा खाली. कॅलिफोर्नियाविरुद्ध त्यांना मुख्य संघ म्हणून उतरवलं, ती जिंकली. आणि जूनमध्ये पकिप्सीच्या राष्ट्रीय शर्यतीच्या तोंडावर पुन्हा खालच्या संघात टाकलं. तिथे त्यांनी आपली शर्यत जिंकली, आणि ज्यांना मुख्य संघ केलं होतं ते तिसरे आले.

या सगळ्या धरसोडीत मुलांनी स्वतःचं काहीतरी बनवलं होतं. होडीत बसल्यावर ती एकसुरात ‘एल-जी-बी’ म्हणायची. कुणी विचारलं तर सांगायची, ‘लेट्स गेट बेटर’. खरा अर्थ त्यांच्यातच राहायचा: ‘लेट्स गो टू बर्लिन’. मला हा तपशील फार आवडतो. आजकाल प्रत्येक कॉलेज संघाच्या लॉकर रूममध्ये भिंतभर मूल्यं रंगवलेली असतात, सचोटी, शिस्त, कुटुंब, वगैरे. ती वरून येतात. एल-जी-बी खालून आलं, आणि कोचला न सांगता आलं. संघाची संस्कृती म्हणून जे काही असतं त्यात मोठा वाटा अशा गोष्टींचा असतो, ज्या कोचला नंतर कळतात. पुढे उल्ब्रिक्सनने तीच होडी मोडून सगळ्यांची सरमिसळ केली. त्या मुलांच्या दृष्टीने हा विश्वासघातच होता. ब्राउन त्याला अंतिम होडीकडे नेणारी पायरी मानतात, कारण त्यांना शेवट ठाऊक आहे. मुलांना तो ठाऊक नव्हता. चांगला निकाल लागला की आधीचं सगळं ‘योजना’ वाटू लागतं, ही खेळावरच्या पुस्तकांची जुनी खोड आहे आणि हे पुस्तक तिच्यातून सुटत नाही.

दुसरी खोड म्हणजे एक नायक. जोच्या अखेरच्या दिवसांत ब्राउन त्याला भेटले. या माणसाची गोष्ट लिहावी असं त्यांना वाटलं, तेव्हा जोने अट घातली की ती फक्त माझी नको, होडीची हवी. ही हकिकत ब्राउन स्वतःच सुरुवातीला सांगतात आणि मग साडेतीनशेहून अधिक पानं बहुतेक जोबद्दलच लिहितात. कारण उघड आहे. जोची मुलगी त्यांच्या शेजारी राहत होती, तिच्याकडे आठवणी होत्या, कागद होते. तरी उणीव जाणवते. स्ट्रोकच्या जागेवरचा, म्हणजे सगळ्यांचा ताल ठरवणारा डॉन ह्यूम जवळजवळ मुका राहतो. आणि १९३३ ते १९३६च्या दरम्यान जे होडीतून उतरवले गेले, ज्यांच्या जागी ही नऊ मुलं बसली, त्यांचं काय झालं? एखाद्या संघाची संस्कृती तपासायची असेल तर मी पदक जिंकलेल्यांपेक्षा वगळलेल्यांना विचारीन. तुमचं मूल कुठल्याही खेळात असेल तर संभव मोठा असतो तो वगळलं जाण्याचाच. त्या मुलांसाठी या पुस्तकात पान नाही.

एवढं असूनही, ग्र्युनाउचं प्रकरण आलं की मी तक्रारी बाजूला ठेवते. ह्यूम तापाने फणफणलेला. उल्ब्रिक्सनने त्याच्या जागी दुसरा बसवायचं ठरवलं. मुलं एकत्र कोचकडे गेली: त्याला फक्त होडीत बसवा, पलीकडे आम्ही नेतो. हाच तो अबोल कोच, आणि त्याने ऐकलं. सहाव्या, वाऱ्याच्या माऱ्यातल्या लेनमध्ये होडी. सुटण्याचा इशारा नीट ऐकूच आला नाही, म्हणून सर्वांच्या मागून सुरुवात. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर ह्यूमचे डोळे मिटलेले, चेहरा पांढराफटक, आणि समोर बसलेला कॉक्स बॉबी मॉक ओरडतोय पण त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. ह्यूमच्या मागच्याच जागेवर जो. ताल त्याच्याकडे सोपवायचं मॉकच्या मनात येतं, तेवढ्यात ह्यूम डोळे उघडतो. इथे ब्राउन थोडा वेळ अलंकार आवरतात आणि फक्त स्ट्रोकचे आकडे देतात. बाकी पुस्तकभर सूर्य, धुकं आणि नियती यांची रेलचेल आहे. इथे ती नाही म्हणून हे प्रकरण चढतं.

मराठी वाचकाला यातलं काही परकं वाटायचं कारण नाही. तुमच्यातले काही पुण्याच्या सीओईपीचे असतील. मुळेच्या काठावरचा तुमचा बोट क्लब १९२८ सालचा, म्हणजे जो कॉलेजात आला त्याच्याही आधीचा. रेगाटाच्या रात्री ज्यांनी पाण्यावर रचना केल्या आहेत त्यांना मी आठ वल्ह्यांबद्दल काय सांगणार! आणि नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचा दत्तू भोकनळ. पाण्याची ददात असलेल्या गावातला, विहिरी खोदणाऱ्याचा मुलगा, सैन्यात गेल्यावर पहिल्यांदा वल्हं धरलं आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत तेरावा आला. त्याचं सुवर्ण मात्र चौघांच्या होडीतलं आहे, २०१८च्या जकार्ता एशियाडचं. जो आणि दत्तू एका बाकावर बसले असते तर भाषा अडली असती, बाकी फारसं काही अडलं नसतं.

आता तुमच्या आमच्या घरचा प्रश्न. आपल्याकडे कॉलेजचा खेळ अजून बऱ्याचदा अर्जावरची एक ओळ असतो. २०१९ साली उघडकीला आलेल्या प्रवेश घोटाळ्यात कधी होडीत न बसलेल्या मुलींचे रोइंग यंत्रावर फोटो काढून त्यांना खेळाडू म्हणून खपवलं होतं. इतक्या थराला आपण जात नाही, पण हिशोबाची पद्धत तीच: खेळ आत शिरण्यासाठी, आत गेल्यावर अभ्यास. मुलीने पहिल्या वर्षी सांगितलं की मी रोइंगच्या चाचणीला जाणार आहे, पहाटे पाचला उठायचंय, शिष्यवृत्ती नाही काही, तर आपण काय म्हणतो? (मुलींच्या कॉलेज रोइंगमध्ये हे आजही घडतं. टायटल नाइनच्या कायद्यामुळे विद्यापीठांना मुलींचे मोठे संघ लागतात आणि कधीही वल्हं न धरलेल्या उंच, चिवट मुलींना बोलावून घेतलं जातं.) ‘कशाला उगीच?’ हा शब्दप्रयोग ओठांवर येतोच. ग्रेड पडतील, ही भीती खरी आहे. पण घरापासून दोन हजार मैलांवर एकटं राहणाऱ्या मुलीला रोज पहाटे आणखी आठ जणी वाट पाहत असतात, ती आली नाही तर होडी पाण्यात उतरत नाही, हे आपल्या हिशोबात कुठल्या रकान्यात बसवायचं ते आपल्याला ठरवता आलेलं नाही.

आणि ज्या कोचांनी हे पुस्तक बायबलसारखं जवळ केलं आहे, त्यांच्यापुढची अडचण वेगळीच आहे. जुलै २०२१पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. २०२५पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसेही देऊ शकतात. त्याच सुमारास एका कॉलेजातून दुसऱ्यात जाण्यावरचे निर्बंध जवळजवळ उठले. खेळाडूंच्या कष्टावर दुसऱ्यांनी गबर होण्याचा काळ संपला हे उत्तमच झालं. त्याबद्दल गळे काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. जोलाही पैशांचीच गरज होती. पण ज्या संघातली निम्मी माणसं दरवर्षी बदलतात, त्यात ग्रँड कूलीचा उन्हाळा येणार कुठून? फुटबॉल-बास्केटबॉलचे कोच एका हाताने हे पुस्तक वाटतात आणि दुसऱ्या हाताने पुढच्या हंगामासाठी तयार खेळाडू आयात करतात. रोइंगमध्ये तेवढा पैसा नाही म्हणून तिथे हे थोडं उशिरा पोचेल, एवढंच. वॉशिंग्टनच्या आजच्या पुरुष संघातही परदेशातून आलेली मुलं बरीच असतात. ती एकमेकांत मिसळतात कशी, यावर कुणी पुस्तक लिहिलं तर मी आधी ते वाचीन.

त्या नऊ जणांनी पुढे काय केलं, हे पुस्तकाच्या शेवटी थोडक्यात येतं. दरवर्षी जमेल तसे भेटत राहिले. दर दहा वर्षांनी जमतील तेवढे पुन्हा होडीत बसले. चक डे १९६२ सालीच गेला. १९८६ साली, विजयाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, जे होते ते सत्तरी गाठलेले म्हातारे शेवटचे पाण्यात उतरले. ‘हस्की क्लिपर’ ही त्यांची सीडरची होडी आता विद्यापीठाच्या कॉनिबेअर शेलहाउसमध्ये, खेळाडूंच्या जेवणघराच्या छताला टांगलेली आहे. सिअॅटलला आलात तर जरूर बघा. खाली दुपारच्या वेळी सगळ्या खेळांची मुलं ताटं घेऊन बसलेली असतात, आणि बहुतेकांचं वर लक्ष नसतं.